ळ कोण शिकवणार?

गणिताची चौकटीची वही काढा. ३२ चौकटी आडव्या आणि ३२ उभ्या मोजून एक मोठा चौरस आखा. आता त्यात 'क' काढा, चौरस भरेल असा, अगदी झोकात. ज्या चौकटीतून रेघ पूर्ण गेली ती काळी करा, जिला रेघ नुसती चाटून गेली ती करडी करा, बाकीच्या पांढऱ्याच राहू द्या. झालं? वही जरा लांब धरून बघा. यंत्राला अक्षर साधारण असं 'दिसतं'.

खरं तर त्याला एवढंही दिसत नाही. ३२ गुणिले ३२ म्हणजे १,०२४ चौकटी आणि प्रत्येक चौकटीचा एक आकडा, इतकंच त्याच्या हाती येतं. पूर्ण काळी चौकट ०, पूर्ण पांढरी २५५, करड्या छटांचे आकडे मधले. तुमचा झोकदार 'क' यंत्राच्या लेखी १,०२४ आकड्यांची एक लांबच लांब रांग असते, आणि त्या रांगेत कुठेही 'हा क आहे' असं लिहिलेलं नसतं. मग हे यंत्र हस्ताक्षर वाचतं तरी कसं?

नेपाळमधल्या संशोधकांनी २०१५ साली हाताने लिहिलेल्या देवनागरी अक्षरांचा एक मोठा संग्रह तयार केला. त्यात ३६ व्यंजनं आणि १० अंक आहेत. प्रत्येकाचे २,००० नमुने, म्हणजे सगळे मिळून ९२,००० छोटे फोटो! कुणाचा 'ग' ताठ, कुणाचा वाकलेला, कुणाच्या 'भ'ची गाठ सुटलेली. यातले ७८,२०० फोटो यंत्राला शिकवण्यासाठी वापरले आणि १३,८०० परीक्षेसाठी झाकून ठेवले. झाकून ठेवणं महत्त्वाचं बरं का. परीक्षेचे फोटो आधीच दिसले असते तर यंत्राने ते नुसते पाठ केले असते, आणि त्याला खरंच वाचता येतंय की नाही हे कधी कळलंच नसतं.

शिकवणी चालते ती अशी. यंत्राला एक फोटो दाखवायचा. ते अंदाज करतं, "हा 'घ' असावा." खरं उत्तर असतं 'ध'. उत्तर चुकलं की यंत्राच्या आतले काही आकडे थोडेसे कमी-जास्त केले जातात, पुढच्या वेळी 'ध'कडे कल जरा वाढेल असे. मग दुसरा फोटो, मग तिसरा, आणि सगळे संपले की पुन्हा पहिल्यापासून. कंटाळा नाही, जांभई नाही. अखेर झाकून ठेवलेल्या फोटोंची परीक्षा झाली, तेव्हा दर १०० अक्षरांमागे ९८ हून जास्त अक्षरं बरोबर आली.

आता या संग्रहातली व्यंजनं मोजत चला. क, ख, ग, घ पासून थेट ह पर्यंत, आणि पुढे क्ष, त्र, ज्ञ. काही राहिलं का? ळ नाही!

यात त्या संशोधकांची काही चूक नाही. नेपाळी लिहिताना ळ लागत नाही, म्हणून तो त्यांनी गोळा केला नाही. पण नुसत्या या संग्रहावर शिकलेलं यंत्र आपल्या वर्गात आणलं आणि त्याच्यापुढे 'शाळा', 'फळा', 'डाळ', 'बाळ' असे शब्द ठेवले तर काय होईल? त्याच्याकडे ४६ खण आहेत, त्यातलाच एक त्याला निवडायचाय. 'हे अक्षर मला माहीत नाही' असा ४७ वा खण कुणी त्याला दिलेलाच नाही. म्हणून ते ळ बघून दुसऱ्याच कुठल्या तरी अक्षराचं नाव सांगेल, आणि तेही बेधडक. नेपाळ हे नाव आपण मराठीत ज्या अक्षराने संपवतो, तेच त्याला वाचता येणार नाही.

मुंबईतल्या माटुंग्याच्या मुलांना तर याचं फारच आश्चर्य वाटेल. इथं एकाच इमारतीत मराठी, गुजराती, तमिळ, कानडी घरं शेजारी शेजारी असतात, आणि या चारही भाषांना ळ हवा असतो. प्रत्येकीची लिपी वेगळी, पण आवाज तोच. असं इतक्या घरांतलं अक्षर यंत्राला अनोळखी, का? तर त्या यंत्राला ते कुणी दाखवलंच नाही म्हणून.

दाखवलं नाही. हा शब्द मी मुद्दाम वापरलाय, 'सांगितलं नाही' असं म्हटलेलं नाही. यातला फरक समजून घ्यायचा तर माटुंग्यातच थोडं फिरू या.

इथल्या फाइव्ह गार्डन्स बागांपासून चालत जाता येईल इतक्या अंतरावर व्हीजेटीआय आहे. वीरमाता जिजाबाई तंत्रज्ञान संस्था. ही संस्था १८८७ साली भायखळ्याला सुरू झाली आणि १९२३ साली माटुंग्याला आली. परळ-लालबागच्या कापडगिरण्यांना यंत्रं जाणणारी माणसं हवी होती, त्यामुळे कापडाचं तंत्र हा इथला जुना विषय. कापडाच्या जगात एक भन्नाट यंत्र आहे, जॅकार्ड माग. १८०४ च्या सुमाराला फ्रान्समध्ये ते तयार झालं. या मागावर जाड पुठ्ठ्याच्या पट्ट्यांची एक माळ फिरत असते आणि पट्ट्यांना ओळीने भोकं पाडलेली असतात. पट्टीसमोर सुया येतात. भोक असेल तिथे सुई आत शिरते आणि तिच्या वाट्याचा उभा धागा वर उचलला जातो. भोक नसेल तिथे सुई अडते, धागा खालीच राहतो. उचललेल्या धाग्यांच्या खालून आडवा धागा सपकन जातो. पुढची पट्टी, पुढची ओळ. असं करत करत कापडावर कुयरी उमटते, वेल उमटतो, मोर उमटतो. विजेवरचे संगणक यायच्या कितीतरी आधी माणसाने यंत्राला असा कार्यक्रम लिहून दिला होता, आणि तोही पुठ्ठ्यावर! मला आजही ही पट्ट्यांची माळ फिरताना बघितली की जागचं हलवत नाही.

या मागाला सगळं काही सांगावं लागतं. कुठला धागा वर, कुठला खाली, ओळीमागून ओळ. आता 'ळ' कसा ओळखायचा ते असंच सांगून बघा. "दोन गोल पोटं शेजारी शेजारी, वर शिरोरेघ"? पण तुमच्या मित्राचा ळ एकाच पोटाचा दिसतो. बाई फळ्यावर घाईत लिहितात तेव्हा शिरोरेघ गायब होते. आजोबांचा ळ तर तुम्हालाही दोनदा बघावा लागतो. प्रत्येकासाठी वेगळा नियम लिहायचा ठरवलं तर नियमांचं बाड होईल, तरी एखादा ळ निसटेलच. म्हणून नियम लिहिण्याऐवजी ढीगभर नमुने दाखवायचे आणि नियम यंत्रालाच शोधू द्यायचा, ही नवी रीत निघाली. ज्याला आपण कृत्रिम बुद्धिमत्ता किंवा नुसतं 'एआय' म्हणतो, त्यातला आजचा मोठा भाग या रीतीवर उभा आहे.

आणि दाखवायचं काम तुम्हीही करू शकता! शाळेच्या संगणक-खोलीत कॅमेरा असलेला संगणक असेल तर सरांना विचारून गूगलचं 'टीचेबल मशीन' उघडा. ते फुकट आहे आणि त्यासाठी प्रोग्रॅम लिहावा लागत नाही. दोन गट करा, एकाला नाव द्या 'ल', दुसऱ्याला 'ळ'. वर्गातल्या सगळ्यांनी कागदावर मोठ्ठा ल आणि मोठ्ठा ळ लिहून आणायचा. एकेक कागद कॅमेऱ्यासमोर धरायचा, फोटो घ्यायचे, आणि शिकवण्याचं बटण दाबायचं. ९२,००० फोटोंची गरज पडत नाही, कारण या यंत्राला रेघा, कडा, गोलवे ओळखायला लाखो चित्रांवर आधीच शिकवलेलं असतं. थोड्याच वेळात तुमचं यंत्र तयार. आता दुसऱ्या तुकडीतल्या कुणाला तरी ळ लिहायला सांगा आणि यंत्र काय म्हणतं ते बघा.

हे जमलं की खरा प्रयोग पुढे आहे. यंत्राला मुद्दाम फसवा. सगळे ल कोऱ्या कागदावर लिहा आणि सगळे ळ रेघी कागदावर. यंत्राला पुन्हा शिकवा. मग रेघी कागदावर ल लिहून त्याच्यासमोर धरा. ते बहुधा ठामपणे सांगेल, "ळ!" कारण अक्षराकडे बघण्यापेक्षा कागदावरच्या रेघा बघणं त्याला सोपं पडलं. तुम्ही त्याला ळ शिकवत होतात, ते मात्र रेघी कागद शिकलं. मोठमोठ्या कंपन्यांच्या यंत्रांकडूनही अशाच चुका होतात आणि त्या शोधून काढणं हे संशोधकांचं रोजचं काम आहे. सातवी-आठवीतल्या मुलांना ते वर्गात बसून समजू शकतं, ही मला या सगळ्यातली सगळ्यात भारी गोष्ट वाटते.

आतापर्यंत यंत्राला आपण दाखवत होतो. काही यंत्रं मात्र आपण होऊन मोजतात आणि कळवतात. ती बघायला आता पावसाकडे वळू. किंग्ज सर्कलला पावसात तुंबणारं पाणी ज्याने बघितलं नाही असा माटुंगेकर शोधून सापडायचा नाही. तुमच्या आई-बाबांना २६ जुलै २००५ बद्दल विचारा. त्या २४ तासांत सांताक्रूझच्या वेधशाळेत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. आणि कुलाब्याच्या वेधशाळेत? फक्त ७४! एकच शहर, एकच दिवस, मधलं अंतर वीस-पंचवीस किलोमीटर. माटुंगा या दोघांच्या अधेमधे. सांगा बरं, या दोन आकड्यांवरून माटुंग्यात किती पाऊस पडतोय हे कसं ठरवायचं? सरासरी काढून? तिचा काहीच उपयोग नाही.

त्या पावसानंतर महापालिकेने शहरभर स्वयंचलित पर्जन्यमापकं बसवायला सुरुवात केली, बरीचशी अग्निशमन केंद्रांच्या गच्चीवर. ती दर १५ मिनिटांनी पावसाचा आकडा नियंत्रण कक्षाला आपण होऊन कळवतात. अशा पर्जन्यमापकाचं पोट उघडून बघितलं तर आत एक चिमुकला सीसॉ दिसतो. त्याच्या दोन्ही टोकांना एकेक छोटं पात्र. वरच्या नरसाळ्यातून पाणी एका पात्रात पडतं, ते भरलं की सीसॉ टुपकन झुकतो, पाणी सांडतं, दुसरं पात्र नरसाळ्याखाली येतं. प्रत्येक झुकण्याला एक चुंबक एका बारीक स्विचसमोरून जातो आणि एक 'टिक' मोजली जाते. बऱ्याच यंत्रांत एक टिक म्हणजे ०.२ मिलिमीटर पाऊस. असं यंत्र त्या दिवशी सांताक्रूझला असतं तर चिमुकला सीसॉ ४,७२० वेळा झुकला असता. गणित करून पडताळा.

मोजणारी वस्तू, तिच्या पोटात छोटा संगणक आणि आकडे दुसरीकडे पाठवायची सोय, या तीन गोष्टी एकत्र आल्या की 'जोडलेलं यंत्र' तयार होतं. इंग्रजीतून आलेलं त्याचं नाव तुम्ही ऐकलं असेल, इंटरनेट ऑफ थिंग्ज. अशी यंत्रं आता शाळांच्या प्रयोगशाळांतही येत आहेत. नीती आयोगाने २०१६ पासून देशभरच्या शाळांत अटल टिंकरिंग प्रयोगशाळा सुरू केल्या. तिथे सहावी ते बारावीची मुलं सेन्सर, मोटारी, छोटे संगणक स्वतःच्या हाताने जोडतात. तुमच्या शाळेत अशी प्रयोगशाळा नसली तरी हिरमुसू नका. वायफायवर बोलणारी चिप काही शे रुपयांत मिळते, आणि मुंबईकरांना त्यासाठी ग्रँट रोडजवळचा लॅमिंग्टन रोड आहेच.

मी शाळेसाठी एकच जोडलेलं यंत्र निवडायचं ठरवलं, तर वर्गातली हवा मोजणारं निवडेन. जुलै महिना आहे, पाऊस आत येतो म्हणून खिडक्या बंद, वर्गात पन्नास-साठ मुलं. बाहेरच्या हवेत दहा लाख भागांत सुमारे ४२५ भाग कार्बन डायऑक्साइड असतो. आपण सोडतो त्या श्वासात तो ४०,००० भागांच्या आसपास असतो. बंद वर्गात आकडा भराभर चढतो. तो १,००० च्या वर गेला की समजायचं, खोलीत पुरेशी ताजी हवा येत नाही.

हा वायू ना दिसतो, ना त्याला वास. मग सेन्सरला तो कळतो कसा? सेन्सरमध्ये एक छोटी नळी असते. एका टोकाला अवरक्त किरणांचा दिवा, दुसऱ्या टोकाला ते किरण मोजणारा डोळा. हे किरण आपल्याला दिसत नाहीत. टीव्हीचा रिमोटही अवरक्तच किरण सोडतो, फक्त जरा वेगळ्या प्रकारचे. कार्बन डायऑक्साइडचे रेणू या किरणांतले ठरावीक किरण शोषून घेतात. नळीत रेणू जितके जास्त, तितके कमी किरण पलीकडच्या डोळ्यापर्यंत पोचतात. त्यावरून आकडा निघतो. तो आकडा १,००० च्या वर गेला की फळ्याशेजारी लाल दिवा लागेल असं जोडून टाका. मग पुढच्या तासाला बाईंना सांगावं लागणार नाही, तुम्हीच उठून खिडकी उघडाल. आणि महिनाभराचे आकडे वहीत मांडलेत तर कुठल्या तासाला, किती मुलं असताना, पंखा सुरू असताना आणि नसताना काय होतं, हे सगळं दिसेल. असा तक्ता शाळेत कुणी कधी केला असेल असं मला वाटत नाही. पहिला तुमचा असू दे!

महाराष्ट्राच्या शाळांना हे जग अगदीच नवं नाही. मुंबई महापालिकेच्या आठवीतल्या मुलांच्या हाती २०१५ साली टॅब आले. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांत क्यूआर कोड घातले. फोन समोर धरला की कविता ऐकू येई, धडा बघता येई. पुढे राज्याच्या पाठ्यपुस्तकांतही हे कोड आले. डिसले सरांना २०२० साली १० लाख डॉलरचा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला, आणि त्यातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर शिक्षकांना वाटून टाकली. पवईला आयआयटीच्या आवारातल्या केंद्रीय विद्यालयाचे शिक्षक दिनेश पटेल यांनी पुठ्ठा, लाकूड, प्लास्टिक, अॅल्युमिनियम असल्या साध्या सामानातून 'शालू' नावाची यंत्रमानव-शिक्षिका तयार केली. ती मराठीसह ९ भारतीय आणि ३८ परदेशी भाषांत बोलू शकते. सीबीएसईच्या शाळांत २०१९ पासून नववीला एआय हा विषय घेता येतो.

पण टॅब हातात आला म्हणजे मुलं शिकली, असं मी मानत नाही. टॅबवर धडा नुसता बघत बसलात तर फळ्याच्या जागी काच आली, इतकाच फरक पडला. यंत्राला तुम्ही काहीतरी दाखवलंत, ते चुकलं, का चुकलं ते तुम्ही शोधलंत, तर त्या तासाला तुम्ही खरंच काहीतरी नवं केलंत. मराठीसाठी हे फार गरजेचं आहे. आज फोन ळ ओळखतो, कारण मधल्या काळात कुणीतरी तो दाखवला. पण आपल्या बोली, आपल्या गल्लीतले शब्द, मालवणी, अहिराणी, वऱ्हाडीतलं बोलणं यंत्रांनी अजून फारच थोडं ऐकलंय. केंद्र सरकारच्या 'भाषिणी' प्रकल्पात 'भाषादान' म्हणून एक सोय आहे. तिथे कुणीही आपल्या भाषेतलं वाक्य वाचून, ऐकून, तपासून देऊ शकतं. घरातल्या मोठ्यांना सोबत घेऊन एखादी संध्याकाळ त्यासाठी द्या.

आता एक गंभीर गोष्ट. यंत्राला जे दाखवू तेवढंच कळतं, हे खरं असेल, तर काय दाखवायचं नाही हे ठरवणंही आपल्याच हातात आहे. वर्गात हवा मोजणारा सेन्सर तुमचं नाव विचारत नाही, चेहरा बघत नाही. चेहरा ओळखून हजेरी लावणारा कॅमेरा मात्र तुमचा चेहराच साठवतो. दोन्ही 'जोडलेली यंत्रं'च, पण मला पहिलं वर्गात हवंय आणि दुसऱ्याबद्दल मी शंभर प्रश्न विचारेन. आपल्या देशात २०२३ साली डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा झाला. १८ वर्षांखालच्या मुलांची माहिती वापरायची असेल तर पालकांची संमती घ्यावी, असं तो सांगतो. गृहपाठ लिहून देणाऱ्या चॅटबॉटशी गप्पा मारतानाही हे ध्यानात असू द्या. आपलं पूर्ण नाव, पत्ता, शाळा, फोटो त्याला द्यायचे नाहीत. आणि त्याने दिलेलं उत्तर पुस्तकातून पडताळायचंच. ळ माहीत नसताना बेधडक दुसरं अक्षर सांगणारं यंत्र आठवतंय ना? हाही तसाच बेधडक चुकू शकतो.

तेव्हा तुमच्या वर्गात उद्या एखादं नवं यंत्र आलं तर बाईंना किंवा सरांना हात वर करून विचारा. हे यंत्र काय बघतं आणि काय ऐकतं? त्यातलं काय साठवून ठेवतं आणि किती दिवस? ते कुणाकडे जातं? याला कुणी शिकवलं, आणि आमच्यासारखी मुलं त्या शिकवणीत होती का? उत्तर मिळालं नाही तर मुख्याध्यापकांकडे जा, पालकसभेत विचारायला आई-बाबांना सांगा. यंत्र तुमच्या वर्गात येणार असेल तर हे विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.